मूर्तीला कोणी ढकललं नव्हतं

मंडळाच्या बैठकीत निकाल जवळपास लागलाच होता. पूल उतरताना ट्रॉलीमागच्या पोरांनी अंगात आल्यासारखं ढकललं, म्हणून गणपतीची १८ फुटी मूर्ती पुढे कलली, असं बहुतेकांचं मत होतं. मागची पोरं शपथेवर सांगत होती की उतार लागल्यावर आम्ही हातच काढून घेतले होते. अध्यक्षांना दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. गल्लीत भौतिकशास्त्र शिकवणारा मी एकटाच, म्हणून सगळ्यांच्या मोबाइलमधले व्हिडिओ माझ्याकडे आले. मंडळाचं, कारखान्याचं आणि पुलाचं नाव इथे देत नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री परळच्या कारखान्यातून मूर्ती निघाली. आगमनाची नेहमीची गर्दी होती आणि पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. मूर्ती उभी, उजवा हात वर उगारलेला, मागे मोठी प्रभावळ. अंगात प्लास्टर, काथ्या आणि लाकडी सांगाडा. उंची १८ फूट, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. पण पायाखालचा पाट पुढून मागे जेमतेम ५ फूट. मूर्तिकाराच्या अंदाजाने मूर्तीचं वजन १२०० किलो होतं. ट्रॉली, फळ्या, सजावट धरून सगळा भार ३ टनांच्या आसपास. पाट ट्रॉलीला बोल्टने आवळलेला नव्हता. खाली लाकडी गुटके मारलेले आणि मूर्तीपासून ट्रॉलीला पुढे-मागे दोन-दोन दोर बांधलेले, एवढीच व्यवस्था.

रेल्वेवरचा जुना पूल चढताना सगळी ताकद ट्रॉली ओढायच्या पुढच्या दोरांवर होती आणि ते ठीकच होतं. पुलाच्या माथ्यावर ढोल-ताशा पथक थांबलं, वाजवून झालं, ट्रॉली पुन्हा हलली. उतारावर तिने हळूहळू वेग घेतला. पुढचे दोरवाले आधी चालत होते, मग भरभर चालायला लागले, मग दोर हातात सैल झाले. पुलाच्या पायथ्याशी पाण्याने भरलेला खड्डा होता, साधारण ८ सेंटीमीटर खोल. पुढचं डावं चाक त्यात गेलं आणि ट्रॉली जागच्या जागी थांबली. मूर्ती मात्र पुढे झुकली. मूर्तीला मागून बांधलेला एक दोर तुटला, दुसरा टिकला. क्षणभर ती तशीच तोललेली दिसते, मग धाडकन मागे बसते. पुढे नाचणारे लोक तोपर्यंत बाजूला पांगले होते. कोणाला लागलं नाही. दोन्ही घोट्यांच्या मागच्या बाजूला आडवी भेग गेली.

ती भेग मागच्या बाजूला होती, आणि माझ्या दृष्टीने मागच्या पोरांची सुटका तिथेच झाली.

मागून ट्रॉली ढकलली तर काय होतं ते पाहू. पोरांचे हात मूर्तीपर्यंत पोचतच नव्हते, ते ट्रॉलीच्या मागच्या दांड्यावर होते. दांड्याला जोर दिला की ट्रॉली पुढे सरकते. तिच्याबरोबर गुटके, पाट आणि मूर्तीचे पाय पुढे ओढले जातात. डोकं, हात, प्रभावळ यांना त्या क्षणी कोणीच काही केलेलं नसतं, म्हणून ते आहेत तिथे, आहेत त्या वेगात राहू बघतात आणि पायांच्या मागे पडतात. म्हणजे मागून धक्का दिला तर मूर्ती मागे कलायला हवी आणि घोट्याची पुढची बाजू ताणली जायला हवी. व्हिडिओत झालं ते नेमकं उलटं. प्लास्टर दाब चांगला सोसतं, ताण मात्र सोसत नाही. ते ताणाच्या बाजूनेच फाटतं. इथे मागची बाजू फाटली, म्हणजे पाय थांबले होते आणि वरचा भाग पुढे जात होता.

बैठकीत यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण प्रत्येकाला एक ढकलणारा हवा होता. काहीतरी पुढे पडतंय म्हणजे त्याला कोणीतरी पुढे लोटलं असणार, हा आपला सहज तर्क. न्यूटनचा पहिला नियम शाळेत पाठ होतो आणि हा तर्क तरीही शाबूत राहतो. त्या नियमात चालू गतीला कारण मागितलेलंच नाही, कारण मागितलं आहे ते गतीतल्या बदलाला. मूर्तीचं डोकं उतारावर ज्या वेगाने चाललं होतं, त्याच वेगाने ते चालत राहिलं. त्याच्यावर पुढच्या दिशेने कोणतंही नवं बल आलं नव्हतं. बल आलं ते खाली, चाकावर, आणि तेही मागच्या दिशेने. खड्ड्याच्या काठाने ट्रॉली अडवली, ट्रॉलीने पाट अडवला, पाटाने पाय अडवले. डोक्याला अडवायचं काम उरलं ते घोट्यांवर आणि दोन दोरांवर.

दादरला गाडी थांबताना लोकलमध्ये उभा असलेला माणूस हेच भोगतो, फक्त त्याला सवय असते. ब्रेक लागायच्या आधीच तो एक पाय पुढे टाकतो, गुडघे सैल सोडतो, कडी धरतो. त्याच्या डोक्याचं जडत्व काही कमी होत नाही; तो पायांमधलं अंतर वाढवतो आणि वरचा भाग थांबवायला हाताची सोय करतो. मूर्तीला यातलं काहीच करता येत नाही. तिच्यासाठी ते आपण कारखान्यातून निघायच्या आधी करून ठेवायचं असतं.

आता आकडे. मोठं गणित नाही, पण त्याशिवाय वाद मिटत नव्हता.

एका व्हिडिओत ट्रॉली दिव्याच्या खांबासमोरून जाताना दिसते. ४ मीटर लांबीची ट्रॉली खांब ओलांडायला अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. म्हणजे वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास. हा माणसाच्या भरभर चालण्याचा वेग आहे, आणि "एवढ्या हळू चाललेली मूर्ती कशी पडेल?" हा प्रश्न मला बरोबर याच आकड्यावर विचारला गेला.

उभी वस्तू कधी उलटेल हे दोन लांबींवर ठरतं: गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, किती उंच आहे, आणि तो पायाच्या पुढच्या कडेपासून किती आत आहे. उगारलेला हात आणि प्रभावळ यांमुळे या मूर्तीचा गुरुत्वमध्य पाटापासून सुमारे ९ फुटांवर धरावा लागतो. पाटाची निम्मी रुंदी अडीच फूट. मूर्ती उलटायची तर हा मध्य पुढच्या कडेवरून पलीकडे जायला हवा, आणि तिथे जाताना तो थोडा वर उचलला जातो. सपाट रस्त्यावर हा उचल फक्त १० सेंटीमीटर भरतो. ५ मीटरहून उंच मूर्ती आणि तिच्या पडण्याआडचा उंबरठा चार इंचांचा! पाय जागीच थांबले तर एवढी उंची गाठायला पुरेसा वेग साधारण ताशी ६ किलोमीटर येतो.

उतारावर चित्र आणखी बिघडतं. २० मीटरला १ मीटर असा उतार धरला, तर मूर्ती आधीच सुमारे ३ अंशांनी पुढे झुकलेली असते आणि उचल १० सेंटीमीटरवरून सातच्या घरात येतो. मर्यादा ताशी ५ किलोमीटरपर्यंत उतरते. ट्रॉली साडेपाचने चालली होती. दोर नसते तर मूर्ती गेली होती. दोरांना फार मोठं काम नव्हतं, आणि तेसुद्धा त्यांनी जेमतेम केलं.

यात मूर्तीचं वजन कुठेच आलं नाही. बैठकीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, हे अजिबात पटलं नाही. "अरे, जड वस्तू बसलेली असते. हलकी फायबरची मूर्ती असती तर गेलीच असती." अण्णांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही, फक्त ते उभ्या मूर्तीबद्दल खरं आहे. जड मूर्ती जागेवरून हलवायला कठीण असते हे बरोबर. पण त्याच कारणाने ती चालायला लागल्यावर थांबवायलाही तितकीच कठीण असते. उलटण्याच्या हिशेबात वजन दोन्ही बाजूंना येतं आणि कटतं: जास्त वजन म्हणजे पुढे जाण्याचा जोर जास्त, आणि मागे बसवणारं गुरुत्वही तितकंच जास्त. त्याच आकाराची, वजनाची तशीच विभागणी असलेली फायबरची मूर्ती त्याच वेगाला उलटली असती. फरक पडतो तो दोरांना. १२०० किलोला आवरणारा दोर आणि २०० किलोला आवरणारा दोर एक नव्हे.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे मात्र फार महत्त्वाचं. पाटाच्या पोकळीत ५० किलोची सहा वाळूची पोती ठेवली, तर गुरुत्वमध्य ९ फुटांवरून साडेसात फुटांच्या खाली येतो. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे मी म्हणत होतो तेच." मी वाद घातला नाही.

मग खड्ड्याचा मुद्दा. खड्ड्याला दोष देणं सोपं आहे आणि तो निर्दोष आहे असंही नाही. पण त्याच खड्ड्यातून आदल्या तासात टॅक्सी, टेम्पो, बेस्टच्या बस गेल्या. एकही अशी जागीच थांबली नाही. ट्रॉलीची पुढची चाकं छोटी, भरीव रबराची, जेमतेम १ फूट व्यासाची होती. एवढं चाक ८ सेंटीमीटरच्या काठाला भिडलं की काठ चाकाच्या आसाच्या उंचीच्या अर्ध्याहून वर येतो. तिथून चाक वर काढायला त्याच्यावर जेवढा भार आहे त्याच्या जवळपास दुप्पट जोर आडव्या दिशेने लागतो. चाकाच्या दृष्टीने ती भिंतच. तोच काठ पावणेतीन फूट व्यासाच्या चाकाला आला असता तर भाराच्या पाऊणपट जोर पुरला असता. ट्रॉली हिसका खाऊन पुढे गेली असती. ट्रॉली भाड्याची असते आणि भाडं ठरवताना लांबी, रुंदी, किती टन घेते एवढंच विचारलं जातं. चाक किती मोठं आहे हे विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि थांबण्याचं अंतर. ताशी साडेपाचचा वेग १० सेंटीमीटरमध्ये शून्यावर आला तर मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वत्वरणापेक्षाही (पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्यापेक्षाही) जास्त भरतं. तोच वेग १ मीटरमध्ये उतरवला असता तर ते दहापटीने कमी झालं असतं, आणि पाटाची मागची कडसुद्धा ट्रॉलीवरून उचलली गेली नसती. उतारावर ही कड उचलली जाऊ लागायला गुरुत्वत्वरणाच्या पाचव्या भागाहून थोडं जास्त मंदन लागतं. म्हणजे वेग होता तेवढाच ठेवूनही, नुसतं थांबणं लांबवलं असतं तर काही झालं नसतं.

पण थांबवणार कोण? माझ्या मते या प्रकरणाची खरी चूक इथे आहे, आणि ती खड्डा यायच्या बऱ्याच आधी झाली होती. पूल चढताना ३ टनांच्या ट्रॉलीला उतार मागे ओढत होता सुमारे १५० किलोच्या वजनाइतक्या जोराने, आणि चाकांचा रस्त्याशी विरोध आणखी ६० किलोचा. पुढे वीस-पंचवीस माणसं होती, ती सहज पुरली. माथा ओलांडल्यावर तोच १५० किलोचा जोर ट्रॉलीला पुढे न्यायला लागला. चाकांचा विरोध वजा केला तरी ९० किलो शिल्लक राहतात. कोणीही हात न लावता ट्रॉली सहा सेकंदांत थांबलेल्या स्थितीतून ताशी ६ किलोमीटरवर जाते. मागची पोरं म्हणाली आम्ही हात सोडले होते. ते खरंच होतं आणि अडचणही तीच होती. आणि दोर? दोराने फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. पुढे बांधलेला दोर उतारावर निरुपयोगी असतो. पंचवीस माणसं दोर हातात धरून ट्रॉलीच्या पुढे पळत होती आणि एकाचाही ट्रॉलीवर ताबा नव्हता.

माथ्यावर दहा-बारा जणांनी ट्रॉलीला मागे बांधलेला दोर धरून पाय रोवले असते तर ९० किलोचा जोर त्यांनी गप्पा मारत पेलला असता. वेग चढल्यानंतर मात्र तसं राहत नाही. साडेपाचच्या वेगाने चाललेली ३ टनी ट्रॉली उतारावर १ मीटरमध्ये थांबवायची तर सव्वाचारशे-साडेचारशे किलोचा जोर हवा. ओल्या डांबरावर चपला घातलेला माणूस २५ किलोच्या पुढे गेला की स्वतःच घसरतो. जळगावच्या रथोत्सवात रथाच्या चाकाखाली मोगरी लावणारी माणसं वेगळी नेमलेली असतात. ती लाकडी पाचर चाकाखाली सारून रथ आवरतात, वळवतात. ओढणारे आणि रोखणारे वेगळे असावेत हे तिथल्या लोकांना कधीच कळलेलं आहे. मुंबईत आपल्याकडे ट्रॉलीभोवती शंभर माणसं असतात आणि रोखण्याचं काम एकाच्याही नावावर नसतं.

बाय द वे, माणसांचा विषय निघालाच आहे तर: चिंचपोकळी आणि करी रोडच्या पुलांबद्दल महापालिकेच्या सूचनांमध्ये एका वेळी १६ टनांची मर्यादा सांगितली गेली आहे. ६५ किलोची २०० माणसं म्हणजे १३ टन. ३ टनांची ट्रॉली त्यात मिळवा. पूल मूर्तीने भरत नाही, आपल्याने भरतो.

मूर्तीला आवळणारे दोर कुठे बांधले होते तेही पाहिलं. मूर्ती ओरबाडू नये, पितांबरावर दोर दिसू नये, म्हणून ते गुडघ्याच्या खाली, पाटापासून सुमारे १ मीटरवर बांधलेले. वरचा भाग पुढे जाऊ नये म्हणून जो दोर आहे, तो खालच्या भागाला बांधून उपयोग किती? दोर ३ मीटरवर, कमरेच्या वर बांधला तर तेच काम ढोबळमानाने एक तृतीयांश ताणात होतं. शिवाय दोर सैल होते. फोटोत झोळ स्पष्ट दिसतो. सैल दोर मूर्तीला आधी झुकू देतो आणि मग एकदम हिसका देऊन अडवतो. तुटलेला दोर बहुधा त्या हिसक्यानेच तुटला.

मूर्तिकार दुसऱ्या दिवशी सकाळी आले. अण्णांच्या घरून दोनदा विचारणा झाली होती की खंडित मूर्ती बसवायची का. प्राणप्रतिष्ठा अजून व्हायची होती, त्यामुळे तो प्रश्न गुरुजींनी लगेच सोडवला: ही अजून मूर्तीच आहे, दुरुस्त करा. घोट्यांच्या आत लोखंडी सळ्या सोडून, काथ्या आणि प्लास्टर भरून काम झालं. मूर्तिकारांनी आणखी एक सुचवलं, आणि ते माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा कामाचं निघालं: पाटाखाली ८ फूट लांबीची लोखंडी चौकट टाकून पाट तिला बोल्टने आवळायचा. मी घरी येऊन हिशेब केला. पायाची निम्मी रुंदी अडीचवरून ४ फुटांवर जाते आणि उतारावरची मर्यादा ताशी ५ वरून साडेआठ किलोमीटरच्या आसपास पोचते. अर्थात मग मूर्ती उलटत नाही म्हणून सगळा भार घोट्यांवर येतो. म्हणून पोटऱ्यांच्या मागून दोन लाकडी टेकू आणि कमरेच्या वर, कापडाची घडी घालून, ताठ बांधलेले चार दोर.

विसर्जनाच्या वाटेवर पूल नव्हता. धोका वाटत होता तो गिरगाव चौपाटीवर, जिथे वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून महापालिका लोखंडी प्लेट टाकते. प्लेट संपून वाळू सुरू होते तिथे छोटं चाक पुन्हा अडकणार. या वेळी चाकांपुढे टाकायला फळ्या बरोबर होत्या, मागच्या दोरावर बाराजण वेगळे नेमलेले होते आणि त्यांचा म्होरक्या होता त्या रात्रीवरून ज्यांच्यावर आरोप झाला त्या पोरांमधलाच एक. मूर्तीच्या पुढे दोर धरून रिकामी जागा ठेवायची होती. ती चर्नी रोड स्टेशनपर्यंत राहिली, नंतर गर्दीने खाल्ली.

पुढच्या वर्षीसाठी मोठ्या चाकांची ट्रॉली बघायला सुरुवात झाली आहे, भाडं जास्त आहे म्हणून खजिनदार कुरकुरतायत. पुलाच्या माथ्यावर थांबून वाजवायचं नाही, आणि उतारावर ट्रॉलीच्या पुढे चालायचं नाही, हे पथकाला कळवलं आहे. पहिली अट त्यांनी मान्य केली. दुसरीवर अजून बोलणी चालू आहेत, कारण व्हिडिओ समोरूनच चांगला येतो असं त्यांचं म्हणणं आहे.